कॉजवेवरचा इराणी आणि सरकारचं परमिट

मंडळी, सुरुवात कायद्यापासून करतो. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपये, वर्षाचा शंभर, तहहयात हजार. इथे बसलेल्यांपैकी कुणाकुणाकडे आहे ते विचारत नाही, निम्मं सभागृह उठून जाईल. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे, फक्त नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं. अशा राज्यात कुलाबा कॉजवेवर, भर रस्त्यात, एक इराणी कुटुंब दिवसाढवळ्या बिअर विकतं. 'लिओपोल्ड' तुमच्यापैकी बहुतेकांनी निदान बाहेरून तरी पाहिलं असेल. हे दुकान आजवर टिकलं कसं, याबद्दल मी बोलणार आहे.

हॉटेलवाले आपलं साल १८७१ सांगतात. त्याच सुमारास इराणात भयंकर दुष्काळ पडला होता. यझ्द आणि केरमानच्या खेड्यांतल्या झरथुष्ट्री शेतकऱ्यांवर त्याआधीपासूनच जिझिया होता, शिवाय रोजचा जाच वेगळा. पुढची कित्येक दशकं तिथून माणसं मुंबईला येत राहिली. इथले पारशी हजारेक वर्षांपूर्वी आलेले, शिकलेले, इंग्रजांच्या पेढ्यांतून बसलेले. हे नवे लोक मात्र फाटक्या खिशाचे. धर्म एकच, पण पारशी आणि इराणी असा भेद मुंबईने कायम ठेवला. कोपऱ्यावरचे गाळे हिंदू दुकानदार अपशकुनी म्हणून घेत नसत, ते इराण्यांनी घेतले असं सांगतात. खरंखोटं असेल ते असो. दोन रस्त्यांवरचं गिऱ्हाईक एका गल्ल्यावर येत असेल तर अपशकुन कुणाला नको?

लिओपोल्ड हे नाव बेल्जियमच्या राजाचं. काँगोत या दुसऱ्या लिओपोल्डने काय अत्याचार केले ते जगाला नंतर कळलं, तोवर पाटी रंगवून झाली होती. दुकान सुरू झालं ते खाद्यतेलाच्या घाऊक विक्रीने. पुढे तिथे औषधं विकली गेली, किरकोळ सामान विकलं गेलं, खाणावळ झाली. 'परंपरा जपली' हे वाक्य अशा दुकानांबद्दल सगळे लिहितात. मला ते पटत नाही. इथे जपला तो गाळा, माल दर पिढीत बदलला.

आता परमिटाकडे. मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ चा. ती आणणारे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी, आणि सर्वांत जास्त बोंब मारली ती पारश्यांनीच, कारण ताडी-दारूच्या धंद्यात त्यांचे पैसे अडकलेले. तेव्हाचं काँग्रेस सरकार थोड्याच महिन्यांत गेलं आणि प्रयोग बारगळला. मग मोरारजीभाईंनी कायदा केला आणि १९५० च्या एप्रिलपासून पूर्ण बंदी आली. फ्राम बलसारा नावाचे पारशी गृहस्थ कोर्टात गेले. त्यांची मागणी वाचण्यासारखी आहे: व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर तर हवीच, शिवाय औषधी वाईन, ओ द कोलोन आणि लव्हेंडर वॉटरही बाळगू द्या. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायद्याचा मुख्य भाग उचलून धरला. औषधं आणि सुगंधी द्रव्यांवरची बंधनं तेवढी उडवली. म्हणजे बलसारांना कोलोन मिळालं, बिअर नाही.

पुढची काही वर्षं मुंबई हातभट्टीवर आणि घराघरांत चोरून दारू विकणाऱ्या 'आंटीं'वर जगली. इराणी हॉटेलांनी चहा, ब्रून-मस्का, खिमा-पाव यांवर भागवलं. साठच्या दशकात सरकारने हात सैल केला, परवाने मिळू लागले, आणि 'परमिट रूम' ही खास आपल्याकडची चीज जन्माला आली. तिचा खरा फायदा घेतला तो शेट्टी मंडळींनी, इराण्यांनी कमीच.

लिओपोल्डसारख्यांना एक आधार परमिटाचा झाला, दुसरा भाड्याचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या गाळ्यांची भाडी गोठवली. कॉजवेवर बाजारभावाने भाडं भरायचं असतं तर यातली किती हॉटेलं उरली असती? घरमालकांची यावर वेगळी तक्रार आहे, आणि ती खोटी नाही.

लिओपोल्डपासून चार पावलांवर, रीगल सिनेमाजवळ, १९३२ चं 'कॅफे मोंडेगार' आहे. तेही इराण्याचंच. भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत: फुगलेल्या पोटाचे बाप्ये, टंच बायका, धांदरट वेटर. खालच्या टेबलांवर बसलेली माणसं थोड्या वेळाने भिंतीवरच्यांसारखी दिसू लागतात. बिअरचे किती मग रिकामे झाले त्यावर ते ठरतं.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तुम्हाला माहीत आहे. लिओपोल्डमध्ये दोघे जण शिरले, ग्रेनेड फेकला, गोळ्या झाडल्या. दहाएक माणसं गेली, त्यांत हॉटेलचे वेटरही होते. चारेक दिवसांत मालकांनी दार उघडलं. भिंतीतली गोळ्यांची भोकं बुजवली नाहीत. आज पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि जाताना काउंटरवरून लिओपोल्डचा टीशर्ट नाहीतर एखादा मग विकत घेतात. यावर नाकं मुरडणारे आहेत. मला यात वावगं वाटत नाही. इतक्या लवकर दार उघडायला जिगर लागते, आणि कामगारांचे पगार मगच्या पैशांतूनही होतातच.

एके काळी मुंबईत शेकडो इराणी हॉटेलं होती, आता बोटांवर मोजण्याइतकी. एका चहावर दोन तास टेबल अडवणाऱ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे तुम्ही-आम्हीच, त्यांचा गल्ला आटवला, आणि मुलं शिकून परदेशी गेली. आज चालणारी पाहा: कुणाकडे बिअर आहे, कुणाकडे बेकरी. धोबी तलावच्या १९०४ च्या कयानीला भट्टीने हात दिला. ग्रँट रोडच्या मेरवानलाही वर्षानुवर्षं भट्टीनेच तारलं, तिथला मावा केक सकाळीच संपायचा. आता प्रश्न असतील तर घेऊ. परमिट कुठे मिळतं, हा सोडून.