रजेवर गेलेल्या सिस्टरची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

या वेळी कितीतरी रुग्णालयांत नाइट ड्युटीच्या सिस्टर 'ओव्हर' घेत असतील. कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाला १२ वाजता इंजेक्शन आहे, कोण दुपारपासून जेवलेलं नाही, हे एकीनं दुसरीला सांगायचं. मी ३२ वर्षं असं ओव्हर दिलं आणि घेतलं. निवृत्त झाले तेव्हा वॉर्डची इन्चार्ज होते.

कोविड ओसरल्यानंतरची, २०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची एक सिस्टर अंगात ताप घेऊन रात्रीच्या ड्युटीवर आली. मी रागावले. ती म्हणाली, "मॅडम, मी घरी राहिले तर ४० पेशंटांना जोडीची सिस्टर एकटी पडेल."

कोविडमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या, रुग्णालयांवर फुलं उधळली. आम्हाला खरंच भरून आलं होतं. पण त्या रात्री माझ्या सिस्टरला हवी होती ती तिच्या जागी उभी राहणारी दुसरी सिस्टर.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं आहे: अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात ३ रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे एक, आणि रजेसाठी ३० टक्के जास्तीच्या. या ३० टक्क्यांबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. माझ्या मते मात्र सगळी मेख तिथेच आहे. आठवड्याची सुट्टी, नाइटनंतरचा ऑफ, बाळंतपण, आजारपण, सगळं त्यातून निघायचं असतं. त्या जागा रिकाम्या राहिल्या की प्रत्येक रजा मैत्रिणीच्या अंगावर पडते, आणि मग बाई रजा मागायलाच संकोचते. सिस्टरांचा ताण हलका करायला योगवर्ग हवेत, समुपदेशन तर हवंच. पण तिथे जाण्यासाठी वॉर्ड सोडता तरी आला पाहिजे ना!

आणि एक खोली हवी, आतून कडी लागणारी. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या, तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. २०१५ मध्ये त्या गेल्या, तोवर तिथल्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं. पुढे २०२४ मध्ये, कोलकात्यातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा विश्रांतीच्या खोल्यांविषयी बोलावं लागलं. मधे ५० वर्षं गेली होती.

आमच्या वॉर्डात पुढे भरतीतल्या दोन मुली आल्या. हात वाढले, तेव्हा कुठे सकाळचं ओव्हर झाल्यावर १० मिनिटं एकत्र बसणं जमू लागलं. वॉर्डातल्या मावशींनाही बोलवायचो. पहिले काही दिवस सगळ्या नुसताच चहा प्यायच्या. मग एकदा तापात ड्युटीवर आलेली तीच सिस्टर म्हणाली, "२१ नंबरच्या आजींचा मुलगा रोज फोन करायचा. त्या गेल्या त्या रात्री तो फोन मी उचलला होता."

दोन वर्षांत हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.