पुढच्या अंगणाचं पाणी, मागच्या परसाचं पाणी

नमस्कार मंडळी. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, माझं बोलणं काही वहीत उतरवून घ्यायचं नाही. मुलांना घरी भूगोल कसा शिकवावा, पृथ्वीगोल आणि खेळ वापरून, यावर मला आज बोलायचंय. मी मास्तरीण नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान गावात आमची शेती आहे, घरात दोन लेकरं आहेत, आणि एक पृथ्वीगोल आहे, त्याचा स्टँड मोडून तीन वर्षं झाली.

स्टँड मोडला ते बरंच झालं. गोल तोवर कपाटावर होता, पाहुण्यांना दिसावा म्हणून. आता तो पोरांच्या मांडीवर असतो. तेवढंच लक्षात ठेवा: गोल कपाटावर नको, मांडीवर द्या. आणि घ्यायचाच तर आतून दिवा लागणारा घेऊ नका. आमच्याकडं शेतातल्या मोटारीला लाइन येते रात्री बारा वाजता, गोलात कुठून दिवा लावता!

गोल हातात आला की लेकरू पहिलं काय विचारतं? आपलं गाव कुठंय. आता फूटभर व्यासाच्या गोलावर एक किलोमीटरचं गाव दाखवायचं तर ते केसाच्या जाडीपेक्षाही बारीक निघेल. म्हणून आम्ही मोहरीचा दाणा खळीनं चिकटवला. मोहरीचा एक दाणा, बरं का, आणि त्याखाली वाशीमपासून अकोल्यापर्यंतचा सगळा मुलूख झाकला गेला. माझा लेक गोलू म्हणाला, "आई, मंग आपन दान्याच्या खाली राह्यतो?" तेव्हापासून आमच्या घरी गावाला 'दाना' असंच नाव पडलं.

आता या दाण्यावरून आठवलं ते सांगते. सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय, तुम्हीच उरला होता.

गोलू तेव्हा चौथीत होता. परिसर अभ्यासाच्या पेपरात गुरुजींनी प्रश्न घातला, 'आपल्या गावातील पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते?' यानं लिहिलं, 'पुढच्या अंगणातलं अरबी समुद्राला आणि मागच्या परसातलं बंगालच्या उपसागराला.' गुरुजींनी लाल शाईनं भली मोठी फुली मारली. गुरुजी तरुण, बदलून आलेले, लांबच्या जिल्ह्यातले. त्यांना वाटलं, पोरानं दोन्ही समुद्र लिहून ठेवले, एक तरी लागेल.

पोरगं रडत घरी आलं. कारण हे त्याला शिकवलं होतं माझ्या सासऱ्यांनी, मुलांच्या आबाजींनी. आबाजी दुसरीपर्यंत शिकलेले. त्यांनी पेपर हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, आणि धोतराचा सोगा खोचून शाळेत गेले. गुरुजींना म्हणाले, "कागदावर फुली मारली तुमी. आता घरी चाला, पान्यालेच इचारू."

दिवस पावसाचे. गुरुजी बिचारे छत्री घेऊन आले. आमचं घर गावठाणाच्या अगदी उंचवट्यावर आहे, समोरून पांदण जाते, मागं गोठा. आबाजींनी गोठ्यातून दोन मुठी कुटार, म्हणजे भुसा, आणलं. एक मूठ पुढच्या पन्हाळीखाली टाकली, एक मागच्या. आणि म्हणाले, "चाला."

पुढचं कुटार अंगणातून निघालं, पांदणीच्या चाकोरीत शिरलं, मारुतीच्या पाराला वळसा घालून उत्तरेच्या नाल्यात गेलं. गुरुजी मागं मागं. परत येऊन मागचं पाहिलं, तर ते गोठ्याच्या भिंतीकडेनं, निंबाच्या मुळ्यांत थोडं अडकून, सरळ दक्षिणेच्या ओहोळात. तिथं गुरुजींची एक चप्पल चिखलात गेली. काळ्या मातीचा चिखल आहे, तो चप्पल घेतो, परत देत नाही. आबाजींनी हात घालून काढली, तर पट्टा वेगळा आणि तळ वेगळा.

गुरुजी म्हणाले, "आबाजी, नाल्यापर्यंत पटलं. पण पुढं?"

आबाजी म्हणाले, "फुडचं म्या बैलगाडीनं पाह्यलं हाये. हा नाला काटेपूर्नेत जाते. कापूस घेऊन अकोल्याले जातानी वलांडली म्या ते नदी. अन् थो वहाळ अडानीले जाते." तिथून पुढचं आबाजींना ठाऊक नव्हतं, ते माझ्याकडं होतं. मी गोल प्लास्टिकच्या थैलीत गुंडाळून ओसरीवर आणला. काटेपूर्णा महानच्या धरणातून पूर्णेला, पूर्णा तापीला, तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. अडाण पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. परत सांगते, पुढचं पाणी पूर्णा आणि तापीवाटे पश्चिमेला, मागचं पैनगंगा आणि गोदावरीवाटे पूर्वेला. गोलूनं मोहरीच्या दाण्यापासून दोन दोरे चिकटवले, एक लाल, एक निळा. एकाच दाण्यातून निघाले आणि दोन बाजूंना गेले.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. चहा घेतला, पेपर मागितला, फुली खोडली आणि लाल शाईनंच लिहिलं, 'जागेवर जाऊन तपासले. बरोबर.' खाली सही, तारीख. तो पेपर आमच्याकडं अजून आहे. गोलूचं मात्र भागलं नाही. तो म्हणाला, "गुर्जी, समुद्र दोन लिवले, मार्क एकच?"

आता घड्याळाकडं बघून मला खुणावताहेत, तेव्हा बाकीचं भराभर.

स्वयंपाकघरातला खेळ. डबे उघडा आणि कुठली वस्तू मूळची कुठली ते गोलावर शोधायला लावा. मिरची, शेंगदाणा, आलू आणि टमाटर, म्हणजे आपलं भेद्रं, हे सगळे अमेरिका खंडातले पाहुणे. तूर मात्र आपली इथली. माझ्या सासूबाईंनी मिरचीचं अजून मान्य केलेलं नाही. "मंग आधीचे लोक ठेचा कायचा खात होते?" याला माझ्याकडं उत्तर नाही. आणि ज्वारीचा डबा आता रिकामा असतो, कारण सगळ्यांनी सोयाबीन पेरलं, तेही मूळचं चीनकडचं. कडबा नाही म्हणून गुरं नाहीत, गुरं नाहीत म्हणून शेणखत नाही. असो, हा आजचा विषय नाही.

फोनचा खेळ. माझी नणंद गोंदियाला दिलेली. सकाळी लेकरं तिला विचारतात, "आत्या, दिस निघाला का?" तिच्याकडं आमच्यापेक्षा दहा-बारा मिनिटं आधी निघतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, आणि आमच्यात नि गोंदियात तीनेक अंशांचं अंतर. गोल फिरवून दाखवा, बॅटरी एका जागी धरा, गोल फिरवा. बॅटरी नाही फिरवायची, गोल फिरवायचा.

उन्हाळ्यात, मे महिन्याच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत, दुपारी बारा वाजून पाच ते वीस मिनिटांच्या दरम्यान मुसळ अंगणात उभं करा. आपल्या भागात त्यातल्या एका दिवशी मुसळाची सावली पार गडप होते. रोज बघायचं, मग तो दिवस सापडतो.

माझं माहेर हिंगणघाटकडचं, म्हणून एवढं सांगू द्या. 1802 साली मद्रासेहून हिंदुस्थानच्या जमिनीची मोठी मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टचं नाव शिखराला लागलं, आणि लॅम्ब्टन आमच्याकडं. दहावीपर्यंत तिथं शिकले मी, एकानंही सांगितलं नाही.

शेवटी गावांच्या भेंड्या. नागपूर म्हटलं की 'र'. अर्धा विदर्भ 'पूर'वर संपतो, त्यामुळं 'र' सारखा येतो आणि पोरं अडतात. रामटेक, राजुरा, रिसोड, राळेगाव एवढी जवळ ठेवा. 'ण' आला तर 'न' घ्यायचा, नाहीतर वणीवर खेळ बंद पडतो. आणि सांगितलेलं गाव गोलावर नसेल, नसतंच, तर दाण्याच्या कुठल्या बाजूला ते तरी बोटानं दाखवायला लावा. नमस्कार.