रेडिओवर बंदी आलेलं गाणं

श्रोतेहो, नमस्कार. द पोग्ज हा बँड १९८२ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात उभा राहिला. मूळ नाव पोग महोन. आयरिश भाषेतली ही रोकठोक शिवी. इंग्रजांच्या ती लक्षात आली नाही, पण स्कॉटलंडमधल्या गेलिक बोलणाऱ्यांनी बरोबर ओळखली. बीबीसीकडे तक्रारी गेल्या आणि नावाची काटछाट झाली.

गायक शेन मॅकगॉवनचा जन्म इंग्लंडमधल्या केंटचा, १९५७च्या नाताळचा. आईवडील आयरिश, लहानपणीचा काही काळ आयर्लंडमधल्या टिपररीतल्या आजोळी गेलेला. तिथली घरोघरी गायली जाणारी गाणी त्याने लंडनच्या पंकच्या, म्हणजे तिथल्या भन्नाट, रांगड्या रॉक संगीताच्या वेगात म्हटली. सोबत अकॉर्डिअन, टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी आणि बँजो. (आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे, हा चामडं मढवलेला, तारा छेडून वाजवायचा.) बँडमधला स्पायडर स्टेसी तर बिअरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरायचा!

पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते १९८८च्या एका गाण्यामुळे. १९७४मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बाँब फुटले, २१ माणसं गेली. संशय ब्रिटनशी लढणाऱ्या आयरिश बंडखोरांवर होता, आणि सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. ही माणसं निरपराध आहेत, असं पोग्जनी गाण्यातून उघड सांगितलं. इंग्लंडमध्ये राहून हे म्हणायला छाती लागते. खासगी रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारमान्य संस्थेने गाण्यावर बंदी घातली. मार्च १९९१मध्ये अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली. सहाही जण सुटले, सोळा वर्षं तुरुंगात काढून.

त्याच वर्षी जपानच्या दौऱ्यात शेनच्या दारूपायी बँडने त्याला काढलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, पण साथीदारांचाही इलाज खुंटला होता. १९९६मध्ये बँड मोडला, २००१मध्ये शेनसकट पुन्हा जमला.

गायिका कर्स्टी मॅककॉलबरोबरचं त्यांचं १९८७चं नाताळगीत मात्र दर डिसेंबरला ब्रिटन-आयर्लंडमध्ये वाजतंच. शेन ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गेला. टिपररीतल्या नीना गावच्या चर्चमध्ये, त्याच्या अंत्यविधीत, हे गाणं सुरू झालं आणि घरची माणसं शवपेटीजवळ उठून नाचली.

ते गाणं तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. म्हणून आज मी दुसरं निवडलंय, त्या सहा जणांचं. ऐकूया.