पेरभर मलम

[दृश्य : कोपराची आतली घडी, अगदी जवळून. तिरका उजेड.]

ही आठ वर्षांच्या एका मुलीच्या कोपराची आतली घडी. नखांचे ओरखडे दिसतात, त्यांच्यावर धरलेल्या खपल्या दिसतात. कडेची ही कातडी बघा. वर्षानुवर्षं खाजवून ती जाड आणि राठ झाली आहे. गोऱ्या रंगावर असा चट्टा लालभडक दिसतो. सावळ्या रंगावर तो तपकिरी, जांभळट, कधी राखाडी दिसतो आणि पुष्कळदा उशिरा लक्षात येतो.

आपण याला इसब म्हणतो, डॉक्टर एक्झिमा म्हणतात. तो शब्द मूळचा ग्रीक. अर्थ असा, की उकळून वर येणं, उतू जाणं.

[दृश्य : रात्र. खोलीत अंधार. खाजवण्याचा आवाज. इथे निवेदन नाही, बारा सेकंद.]

[दृश्य : दवाखाना. डॉक्टर कागदावर विटांची भिंत काढतात.]

इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. स्वच्छता कमी पडली म्हणूनही होत नाही. मग कशाने होतो? डॉक्टर आधी कागदावर भिंत काढून दाखवतात.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्यातल्या चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि विटांमध्ये भरलेले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. इसब असलेल्यांच्या भिंतीत हा चुना कमी पडतो. आतलं पाणी उडून जातं. बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. शरीराची संरक्षक यंत्रणा खवळते, खाज सुटते. खाजवलं की भिंतीला आणखी भगदाड पडतं आणि खाज आणखी वाढते.

२००६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. भिंत घट्ट राहायला आणि तिच्यात ओल टिकायला हे प्रथिन लागतं. प्रत्येक रुग्णात हा दोष सापडतो असं नाही. पण तोवर सगळं लक्ष शरीराच्या आतल्या ॲलर्जीकडे होतं, ते या शोधामुळे कातडीकडेही वळलं. लोक अजूनही आधी पथ्यं सुरू करतात, घरातलं एकेक खाणं बंद करत जातात. डॉक्टरांना न विचारता मुलांचं खाणं तोडू नका.

चित्र काढून झाल्यावर डॉक्टर आईला एकच प्रश्न विचारतात. "मॉइश्चरायझरचा डबा तुम्हाला किती दिवस पुरतो?"

"तीन महिने तरी जातो."

डॉक्टर पेन खाली ठेवतात.

डबा ५०० ग्रॅमचा. अंगभर इसब असलेल्या या वयाच्या मुलीला आठवड्याला साधारण २५० ग्रॅम लागतं. मोठ्या माणसाला २५० ते ५०० ग्रॅम. आईने मुलीची हयगय कधीच केली नव्हती. किती लावायचं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. हा चित्रपट आम्ही त्या एका प्रश्नासाठी केला.

[दृश्य : न्हाणीघर. आई पाण्यात कोपर बुडवून बघते.]

पाणी कोमट हवं. कढत पाण्याने खाज घटकाभर थांबते, म्हणून रुग्णांना ते हवंहवंसं वाटतं. पण उरलासुरला चुना त्याच पाण्याबरोबर निघून जातो. आंघोळ पाच ते दहा मिनिटांची. नेहमीचा साबण बंद, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी. त्याऐवजी बिनवासाचं सौम्य क्लेन्झर वापरायचं.

आता टॉवेल बघा. आई घासून पुसत नाही, टिपते. आणि इथून पुढे मात्र ती घाई करते. कातडी ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांत, मलम लागलं पाहिजे. म्हणजे आतली ओल आतच राहते.

डब्यात बोटं जात नाहीत, स्वच्छ चमचा जातो. बोटांबरोबर जंतू जातात, आणि इसबाच्या चट्ट्यांवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू बहुतेकदा आधीच ठाण मांडून असतो. चमच्यावरचा गोळा तळहातांत मऊ करायचा आणि मग केसांच्या दिशेने, वरून खाली लावत यायचं. उलट दिशेने रगडलं की केसांची मुळं बुजतात आणि बारीक पुरळ उठतं. आई पाठ आणि पाय करते. हात मुलगी स्वतः करते.

"आई, इथं राहिलं."

"कुठं? दाखव."

[दृश्य : गुडघ्यामागची घडी. दोन बोटं. वीस सेकंद शांतता.]

मलम, क्रीम की लोशन, हा प्रश्न सगळेच विचारतात. मलम सगळ्यात तेलकट, फार कोरड्या कातडीला ते उत्तम. क्रीम लवकर मुरतं. लोशन पातळ, केसाळ भागाला सोयीचं. माझ्या मते यातलं चांगलं तेच, जे रोज लावलं जाईल. चिकट अंगाने शाळेत जायला या मुलीला आवडत नाही, म्हणून तिचं सकाळी क्रीम आणि रात्री मलम ठरलं. कातडी छान दिसत असेल त्या दिवशीही दोन वेळा. खरेदी करताना वेष्टणावर 'फ्रेग्रन्स फ्री' लिहिलंय ना, ते पाहा. नुसतं 'अनसेंटेड' असेल तर मूळ वास झाकणारं द्रव्य त्यात घातलेलं असू शकतं.

[दृश्य : आईची तर्जनी, अगदी जवळून. ट्यूबमधून मलमाची पट्टी येते आहे.]

आता दुसरी ट्यूब. हिच्यावर स्टेरॉइड लिहिलंय, आणि हा शब्द वाचून घरोघरी हात थबकतो.

१९५२ साली मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड थेट त्वचेवर लावून इसब शांत होतो, हे जगापुढे मांडलं. त्याला सत्तरहून अधिक वर्षं झाली. चट्टा भडकल्यावर आजही पहिलं औषध हेच. मॉइश्चरायझर भिंत सावरतं, पण लागलेली आग विझवायचं काम स्टेरॉइडचं.

भीतीपोटी आई ते कणभर लावायची, दोन दिवसांनी बंद करायची. चट्टा अर्धवट बसायचा आणि पुन्हा वर यायचा. मग औषध लागू पडत नाही, असं सगळ्यांनाच वाटायचं.

डॉक्टर माप शिकवतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीचं टोक ते पहिली रेघ, म्हणजे एक पेर. त्या पेरावर ट्यूबमधून सलग काढलेली पट्टी साधारण अर्धा ग्रॅम भरते. बोटांसकट दोन तळहात ठेवले तर जेवढी जागा व्यापतील, तेवढ्या कातडीला ती पुरते. मूल लहान असलं तरी बोट मोठ्या माणसाचंच धरायचं. सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या एका हाताला, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळीकडे चट्टे असतील, तर अडीच पेरं. मोठ्या माणसाच्या तशाच हाताला चार.

"एवढं?" आई विचारते.

"एवढं."

बहुतेकदा दिवसातून एकदा पुरतं. मॉइश्चरायझर आणि हे मलम यांच्यात पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची. थांबायचं कधी, हे ठरवायला नुसते डोळे पुरत नाहीत. रंग उतरतो, पण कातडी अजून खडबडीत असते. बघा, आई डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवते. बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत लावायचं. ज्या जागा पुनःपुन्हा भडकतात, तिथे पुढेही आठवड्यातून दोन दिवस लावायला डॉक्टर सांगतात, चट्टा दिसत नसला तरी.

जोरकस स्टेरॉइड मनाने, महिनोन्महिने, चेहऱ्यावर किंवा जांघेत लावलं तर कातडी पातळ होते, रेघा उमटतात. आणि इसब समजून गजकर्णावर लावलं तर गजकर्ण पसरतं. ताकद, जागा आणि दिवस डॉक्टरांनीच ठरवायचे.

पापण्यांसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमस हे मलम चालतं. त्यात स्टेरॉइड नाही, त्याने कातडी पातळ होत नाही. पहिले काही दिवस थोडी आग होते, ती पुढे कमी होत जाते. हे औषध जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून आलं.

[दृश्य : काचेच्या दारामागे निळसर उजेड. आत चष्मा लावून उभा असलेला तरुण.]

या तरुणाला मलमं पुरेशी पडली नाहीत. तो आठवड्यातून तीनदा या उजेडात उभा राहतो. ही नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा, तरंगलांबी साधारण ३११ नॅनोमीटर. सुरुवात काही सेकंदांपासून होते आणि वेळ हळूहळू वाढवतात.

याच्याही पुढे सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन आहे. पेशींमधले दाह वाढवणारे संदेश रोखणारी, अलीकडची जॅक प्रतिबंधक औषधं आहेत. ती रक्ततपासण्या करून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

चट्ट्यावर पिवळसर खपली धरली, पू आला, ताप आला तर थांबू नका. एकसारखे, दुखणारे, खोल टोचल्यासारखे फोड झपाट्याने पसरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो हर्पिस या विषाणूचा संसर्ग असू शकतो. आणि मलम मुरलेले कपडे, चादरी ज्योतीपासून लांब ठेवा, ते पटकन पेट घेतात.

[दृश्य : पुन्हा तीच खोली, रात्र. मुलगी झोपलेली. बोटांची नखं बारीक कापलेली. सुती बाह्या मनगटापर्यंत. आवाज नाही.]

[दृश्य : सकाळ. खिडकीत दोन डबे.]

नवीन डबा उघडला की आई झाकणावर तारीख लिहिते. डॉक्टरांनीच सांगितलंय तसं. जुन्या डब्याच्या झाकणावर ३ तारीख आहे. नव्याच्या झाकणावर ती आता लिहिते आहे. १७.

मुलगी चमचा शोधते आहे.