चवथीला गावी कोण बोलावतं?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय समाजशास्त्राबद्दल. फ्रान्समध्ये १७८९ ला राज्यक्रांती झाली, पुढे कारखाने आले, लोक गाव सोडून शहरात गेले, जुनी घडी विस्कटली, मग हा समाज टिकतो तरी कसा, हा प्रश्न ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच विचारवंताला पडला आणि १८३० च्या दशकात त्यानं या शास्त्राला नाव दिलं. नाव कॉम्तचं, एवढं लक्षात ठेवा.

आता माझी गोष्ट ऐका. एका वर्षी मी ठरवलं, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या डिचोलीच्या मूळ घरी जायचं नाही, पणजीतच फ्लॅटवर राहायचं. कामाचा कंटाळा आला होता आणि घरून कोणी ये म्हणून फोनसुद्धा केला नव्हता. आदल्या दिवशी बघतो तर अख्खी बिल्डिंग रिकामी, जिन्यात चपला नाहीत, सकाळी पोदेर पाव देताना विचारतो, "तुमी गांवांत वचूंक नात?" म्हणजे गावी गेला नाहीत? दुपारी दुकानदारानं तेच विचारलं. कोणी रागावलं नाही, कोणी जबरदस्ती केली नाही, पण संध्याकाळी माझा पाय घरात ठरेना आणि मी पिशवी भरून स्टँडवर, डिचोलीच्या बसमध्ये उभ्यानं.

हे जे ढकलणारं होतं ना, त्यालाच एमिल द्युर्कहाइम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ सामाजिक तथ्य म्हणतो, १८९५ च्या पुस्तकात त्यानं ते मांडलंय. आपल्या बाहेर असतं, आपल्या आधीपासून असतं आणि आपल्यावर दाब टाकतं. पुन्हा सांगतो, बाहेर असतं आणि दाब टाकतं. मोडायला गेलं की मगच कळतं.

आणि हे शास्त्र काही दूरचं नाही हो. मुंबई विद्यापीठात १९१९ ला समाजशास्त्राचा विभाग निघाला, १९२४ पासून तो गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळला, ते मूळचे मालवणचे, म्हणजे आपल्या शेजारचेच.

तर घरी पोचलो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधून होत आली होती, नारळाचा घोस, तोरिंगं, कांगलां, सगळं रानातून आणलेलं. माझं स्पष्ट मत आहे, माटोळीचं सामान बाजारात विकत घेऊ नये, पोरांना मग झाडांची नावंच कळत नाहीत. सुपारीचा घड लहानपणापासून मी बांधतो, ती माझी भूमिका, म्हणजे माझ्या वाट्याचं ठरलेलं काम, हाही समाजशास्त्रातलाच शब्द. थोरल्या काकांनी मला बघून कुठे होतास असंही विचारलं नाही. माटोळीत माझ्या घडाची कोपऱ्यातली जागा तेवढी मोकळी ठेवली होती आणि घड खाली पाटावर, दोरीसकट.