कांद्यावरचा करपा आणि फुकटचं इंटरनेट

28 डिसेंबर 2015. इंग्रजी पेपरात फेसबुकच्या मार्क झुकरबर्गचा लेख आला आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट होती. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर, म्हणजे ठराविक साइट फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या सेवेवर, पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो, मग याला विरोध कोण कशाला करेल, असा एकूण सूर. त्या दिवसांत बघाल तिकडे त्याच्याच जाहिराती, पेपरात अख्खी पानं, रस्त्यावर होर्डिंग.

आता जरा बांधावर येऊ. कांद्यावर करपा आलाय, पातीवर जांभळट चट्टे, शेंड्याकडून पात वाळत चाललीय. शेतकऱ्याला काय हवंय? हा तोच रोग का, फवारू काय, हे कुणीतरी व्हिडिओत दाखवावं. पण फ्री बेसिक्सवर व्हिडिओ नाही, मोठे फोटो नाहीत, नेटवरून कॉल नाही. सिम रिलायन्स कम्युनिकेशन्सचंच, आणि फेसबुकच्या नियमात बसतील तेवढ्याच साइट फुकट, बाकी काही उघडलं की पैसे. म्हणजे गावातल्या एखाद्या पोरानं शेतीची झकास मराठी साइट काढली तरी तिला डेटा जळणार आणि यादीतली फुकट, मग लोक कुठे जाणार सांगा! नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात ती हीच, डेटा तुम्ही घेतला तर त्यावर काय बघायचं ते तुम्ही ठरवायचं, कंपनीनं मध्ये बसून एकाला फुकट, एकाला महाग, एकाला स्लो असं करायचं नाही.

लोकांना हे आधीच कळलं होतं, एप्रिल 2015 मध्येच ट्रायकडे, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूनं 10 लाखांच्या वर मेल गेले होते. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं नियम काढला, साइट बघून डेटाचा दर बदलायचा नाही, मोडलं तर दिवसाला 50,000 रुपये दंड, जास्तीत जास्त 50 लाख. त्याच आठवड्यात फेसबुकनं फ्री बेसिक्स भारतात बंद केलं.

गरिबाच्या तोंडचा घास काढला असं तेव्हा बरेच जण म्हणाले, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. सप्टेंबरात जिओ आलं, सुरुवातीचे काही महिने डेटा फुकट, आणि तो अख्ख्या इंटरनेटसाठी. आज यूट्यूबवर करप्याचे मराठी व्हिडिओ ढिगानं सापडतात, शेतकरीच वाफ्यात उभा राहून, पात हातात धरून दाखवतो, आणि ते टाकायला त्याला कुठल्या फोन कंपनीला विचारावं लागत नाही.