हेडलाइटची फिल्म आणि मामाची माया

नमस्कार श्रोतेहो! आज गाडीच्या हेडलाइटवर संरक्षक फिल्म बसवण्याबद्दल बोलू या.

हेडलाइटच्या पुढच्या भागाला आपण काच म्हणतो खरं, पण आताच्या गाड्यांत तिथे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. दगड लागला तरी ते सहसा फुटत नाही, पण चरे मात्र लगेच पडतात. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पातळ थर देतात. धुळीनं आणि उन्हानं तो थर झिजला की प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. तो मार काचेऐवजी फिल्मनं आपल्या अंगावर घ्यायचा, एवढ्यासाठी ती लावायची. पण आधीचा पिवळेपणा फिल्म काढत नाही. पुन्हा सांगतो, पिवळेपणा फिल्मनं जात नाही. तो आधी पॉलिश पेपरनं पाणी लावून घासून काढायचा, मग फिल्म. टूथपेस्टनं घासणारे पुष्कळ भेटतात. काच चमकते आणि काही दिवसांत पुन्हा पिवळी पडते, कारण उरलासुरला थरही घासून गेलेला असतो.

फिल्म टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकची घ्या, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची. ती वळणावर नीट बसते आणि बारीक चरे उष्णतेनं भरून येतात. आणि पारदर्शकच घ्या. काळ्या, धुरकट फिल्मचा मला मनापासून राग आहे. रात्रीचा उजेड कमी करून दिव्याला कसली शोभा येते? समोरच्या गाडीसाठी अप्पर-डिपर न करणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो, पण तो विषय आज नको.

आता माझ्या मामाची गोष्ट सांगतो. मामा शिंपी. आयुष्यभर मशीनवर बसलेला, गाडी कधी चालवली नाही. मी पहिल्यांदा फिल्म लावायला घेतली ती भर दुपारी, उन्हात, कोरड्या काचेवर. सुरुवात कोपऱ्यातून केली. फिल्म टेकली तिथेच धरून बसली. ओढली तर ताणली गेली, सोडली तर चुणी पडली. अर्ध्या तासात अख्खा तुकडा वाया गेला.

मामा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "अरे, बेतल्याशिवाय कापड कापतं का कुणी? कागद आण."

त्यानं जुनं वर्तमानपत्र हेडलाइटवर धरलं आणि कडेकडेनं नखानं दाबत नेलं. कागदावर दिव्याची रेघ उमटली. तो कागद टेबलावर पसरून फिल्मवर ठेवला आणि चहूबाजूंनी अर्धा इंच माया सोडून फिल्म कापली. "माया ठेवली नाहीस तर वळणावर कमी पडेल," म्हणाला. गाडी सावलीत घ्यायला लावली. मी काच धुतली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. मग पाण्यात बेबी शॅम्पूचे चार थेंब टाकून काचेवर, फिल्मच्या चिकट बाजूवर आणि बोटांवर फवारा मारला. काच ओली, फिल्म ओली, बोटं ओली. हे लक्षात ठेवा श्रोतेहो: काच ओली, फिल्म ओली, बोटं ओली! मग फिल्म सरकते, हवी तिथे नेता येते.

मामानं फिल्म मधोमध टेकवली आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी काढत गेला. बाहेरच्या वळणाशी चुण्या जमल्या. मी ओढायला हात घातला तर त्यानं मनगट धरलं. "बाहीचा गोल ओढून बसतो का? ऊब दे."

हेअर ड्रायर आणला. एका जागी न धरता, फिरता ठेवून ऊब दिली. फिल्म मऊ झाली. मामानं अंगठ्यानं एक मोठी चुणी तीन लहान चुण्यांत वाटली, त्या तीन हळूहळू कडेला नेल्या आणि मायेत सोडून दिल्या. मी डोळे भरून बघत राहिलो. तो अंगठा सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेला होता.

जास्तीची फिल्म कापताना पातं दिव्याच्या काचेवर टेकू देऊ नका. चर कायमचा राहतो. फिल्मखाली पाण्याचे बारीक फुगे दिसले तर घाबरू नका, थोड्या दिवसांत सुकतात. वाळूचा कण अडकला तर मात्र तो आपोआप जात नाही. लगेच फिल्म उचलायची, पाणी मारून कण धुवायचा. लावल्यावर दोन दिवस गाडी धुऊ नका. पुढे कधी फिल्म काढायची झाली तर तिलाही आधी ऊब द्या आणि काचेलगत तिरकी धरून सावकाश सोला.

त्या दिवशी मामानं वर्तमानपत्राचा तो बेत फेकू दिला नाही. खडूनं त्यावर लिहिलं, 'डावा'. मग कागद उलटा केला आणि मागं लिहिलं, 'उजवा'. माझ्या गाडीचा दुसरा दिवा त्याच कागदावर बेतला. कागद अजून माझ्याकडे आहे, खडू थोडा पुसट झालाय.

नमस्कार.